दिवेलागणीनंतरचा गोठा

(दृश्य : पहाटेचे धुके. धनगरवाडा. गोठ्याची जुनी ताटी.)

कोल्हापूरहून आंबा घाटाकडे जाणारा रस्ता मलकापूर सोडून चढणीला लागला की शेतांचे तुकडे लहान होत जातात आणि जंगल रस्त्याच्या दोन्ही अंगांना येऊन भिडते. या डोंगराच्या खांद्यावर, डांबरी रस्त्यापासून पाऊण तासाच्या पायवाटेवर, हा धनगरवाडा आहे. शाहूवाडी तालुक्यातील डंगे धनगरांचा संसार पिढ्यान्‌पिढ्या म्हशींवर चालत आला आहे. दिवसभर सड्यावर, म्हणजे खडकाळ पठारावर, आणि रानाच्या कडेला चरलेली जनावरे दिवेलागणीला परततात आणि माणसे ज्या छपराखाली झोपतात त्याच छपराखाली, मध्ये फक्त एक कूड ठेवून, दावणीला बांधली जातात.

गोठ्याचा बाहेरचा कूडही तसाच, कारवीच्या काठ्यांचा असून त्यावर शेणामातीचे लिंपण आहे. उन्हाळ्यात तो खणखणीत असतो. पावसाळ्यात मात्र त्याचा तळ कुजतो, लिंपण ढलप्यांनी सुटते आणि दोन काठ्यांमधून हात आत जाईल एवढी फट पडते. गेल्या पावसाळ्यात एका रात्री बिबट्याने याच फटीत पंजा घालून काठ्या मोडल्या आणि दोन शेळ्या व एक रेडकू मारले. मालकाने त्या जागी जुन्या कपाटाची फळी ठोकली आहे. फळीच्या कडेने कुडावर उमटलेले चार ओरखडे अजून स्पष्ट दिसतात.

(दृश्य : डोंगरमाथ्यावरून जंगलाचा पट्टा.)

उत्तरेला चांदोली आणि कोयना मिळून २०१० साली झालेला सह्याद्री व्याघ्र प्रकल्प आणि दक्षिणेला १९५८ पासून संरक्षित असलेले दाजीपूर-राधानगरीचे जंगल, यांना जोडणारा हा पट्टा विशाळगड, पन्हाळा आणि गगनबावड्याच्या डोंगरांतून जातो. वन्यप्राणी याच पट्ट्याने ये-जा करतात आणि धनगरवाडे याच पट्ट्यात वसलेले आहेत. ही शेजारवस्ती जुनी आहे. वाघजाई देवीची ठाणी या डोंगरांत उगीच उभी राहिलेली नाहीत.

शिकारी जनावरांच्या सवयी सारख्या नसतात, आणि बंदोबस्त करण्यापूर्वी हे नीट समजून घेणे आवश्यक आहे. रानकुत्री, ज्यांना काही भागांत कोळसुंदे म्हणतात, कळपाने आणि बहुधा दिवसाउजेडी शिकार करतात. त्यांच्यापासून वासरे वाचवायची तर चरायच्या वेळी गुरांबरोबर माणूस हवा, तेथे गोठ्याचा उपयोग नाही. बिबट्या एकटा आणि बहुतेक रात्री येतो. पूर्ण वाढलेल्या म्हशीच्या वाटेला तो सहसा जात नाही. त्याच्या आवाक्यातली जनावरे म्हणजे शेळी, मेंढी, वासरू, रेडकू आणि कुत्रे. म्हणजेच घरातील जे जनावर सर्वांत लहान, त्यालाच सर्वांत भक्कम जागा मिळाली पाहिजे. प्रत्यक्षात म्हशींना गोठा मिळतो आणि शेळ्या पडवीत उघड्यावर बांधल्या जातात, हे आम्ही घरामागून घर पाहिले.

(दृश्य : खांबांचे खड्डे, जाळीचे भेंडोळे उलगडताना, वेल्डिंगच्या ठिणग्या.)

म्हणून या वाड्यात पहिला बंदिस्त गोठा शेळ्या आणि रेडकांसाठी बांधला जात आहे. जागा घराला लागून निवडली आहे, कारण रात्री जनावरे बुजली तर माणसाला आवाज आला पाहिजे. खांबांसाठी लोखंडी पाइप घेतले असून प्रत्येक पाइप दोन फूट खोल खड्ड्यात काँक्रीट ओतून उभा केला आहे. खाली जांभ्या चिऱ्याचे दोन थर आहेत, जेणेकरून पावसाचे पाणी आणि शेणाची ओल लोखंडाला थेट लागणार नाही. त्यावर शंकरपाळ्यासारखी चौकट असलेली जाड तारेची जाळी ताणून बांधली जाते. जाळी ताणणे हे दिसते तितके सोपे नाही. ती सैल राहिली तर पंजाच्या ओढीने तिला झोळ पडतो आणि झोळातून फट होते. म्हणून दोन माणसे पहारीने ती ओढून धरतात, तिसरा वीतभर अंतरावर तार पिळत जातो आणि प्रत्येक पिळाचे टोक आतल्या जनावरांना लागू नये म्हणून पुन्हा मागे वळवतो. जाळीचा खालचा काठ चिऱ्यांच्या दोन थरांमध्ये दाबलेला आहे, त्यामुळे तो खालून उचलला जात नाही.

सर्वाधिक वाद झाला तो छताचा. खर्च वाचवण्यासाठी वरची बाजू मोकळी ठेवावी, असे काहींचे म्हणणे होते. परंतु छत नसलेले कुंपण बिबट्याला अडवत नाही. तो झाडावर जितक्या सहज चढतो तितक्याच सहज भिंतही ओलांडतो, आणि नुसत्या कौलांचे छत त्याच्या भाराने फुटू शकते. एकदा आत शिरल्यावर त्याला बाहेरची वाट सापडत नाही, जनावरे कोंडलेल्या जागेत सैरावैरा धावतात आणि मग भूक भागण्याचा प्रश्न मागे पडून तो एकामागून एक जनावर मारत जातो. एका रात्रीत कळपच्या कळप संपल्याच्या घटना अशाच अर्धवट गोठ्यांत घडतात. अखेर वरही जाळीच बसवण्यात आली आणि तिच्यावर पत्रे टाकण्यात आले.

दाराकडे आमचा कॅमेरा मुद्दाम जास्त वेळ थांबला आहे. दार चौकटीत घट्ट बसते, त्याच्या खाली बोटभरही फट नाही आणि त्याला वर व खाली अशा दोन कड्या आहेत. घरातील आजींनी वेल्डरकडून खालची कडी पुन्हा कापून घेतली आणि वीतभर वर बसवायला लावली, कारण संध्याकाळी दार लावण्याचे काम त्यांच्याकडे आहे आणि त्यांना फार वाकता येत नाही. जी कडी लावायला त्रास होतो ती एखाद्या रात्री उघडी राहते. बांधकामातला हा बदल आम्हाला सर्वांत महत्त्वाचा वाटतो.

(दृश्य : हातकणंगले तालुक्यातील शिवार, शेतात बसवलेली मेंढरे, शेजारी ऊस.)

डोंगर उतरून पूर्वेला आले की चित्र बदलते. येथे मेंढरांचा वाडा, म्हणजे कळपाचा रात्रीचा तळ, आज या शेतात तर चार दिवसांनी त्या शेतात खतासाठी बसतो, त्यामुळे पक्का गोठा शक्यच नाही. रात्री मेंढ्यांभोवती जी जाळी उभी करतात तिला धनगर ‘वाघर’ म्हणतात. शब्द ऐकून वाघ आठवतो, पण त्याचे मूळ जाळे या अर्थाच्या ‘वागुरा’ या संस्कृत शब्दात आहे. वाघरीचे खरे काम मेंढरे आत ठेवणे हे आहे. बाहेरचे जनावर अडवण्याचे काम घोंगडे पांघरून चहूबाजूंनी झोपणारी माणसे आणि कुत्री करतात. कुत्र्याच्या गळ्यात हा जो खिळ्यांचा पट्टा दिसतो, तो लांडग्याने किंवा बिबट्याने मानेला धरू नये म्हणून घातलेला असतो. मोकळे कुत्रे राखण करते. वाड्याबाहेर साखळीने बांधलेले कुत्रे मात्र बिबट्यासाठी आयते भक्ष्य ठरते. उसाचा फड शेजारी असेल तर वाडा फडापासून शक्य तितका दूर, उघड्या रानात बसवावा, असे जाणते मेंढके सांगतात आणि ते योग्यच आहे, कारण उसात बिबट्या दिवसाही दिसत नाही.

जनावर मारले गेले की पहिली मागणी पिंजऱ्याची होते. ती मागणी समजण्यासारखी आहे, तरी तिचा अनुभव चांगला नाही. जुन्नर भागात २००१ नंतर बिबटे पकडून दुसरीकडे सोडण्याचे प्रमाण वाढले, तेव्हा वन्यजीव अभ्यासक विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या अभ्यासात असे आढळले की माणसांवरील हल्ले वर्षाला सरासरी ४ वरून १७ पर्यंत गेले. एक बिबट्या हलवला तर त्याच्या रिकाम्या जागी दुसरा येतो, आणि कुडाची फट तशीच असते.

नुकसानभरपाईसाठी मृत जनावर जागेवरून न हलवता ४८ तासांत वन विभागाला कळवावे लागते. २०२२ च्या शासन निर्णयानुसार गाय, म्हैस किंवा बैल दगावल्यास बाजारभावाच्या ७५ टक्के किंवा ७०,००० रुपये, यांपैकी कमी असलेली रक्कम मिळते.

(दृश्य : पायवाट. खांद्यावर पाइप घेतलेली माणसे.)

वाड्यातील पहिला गोठा पूर्ण झाला आहे. त्याच्या बाहेरच्या ओल्या मातीत तिसऱ्या दिवशी सकाळी हे ठसे दिसले. नखांची खूण नसलेले, गोलसर, बिबट्याचे ठसे जाळीच्या कडेने दाराशी येतात, तेथे एकमेकांवर पडून गिचमीड होतात आणि पुढे ओढ्याकडे उतरतात. त्या रात्री आत नऊ शेळ्या आणि दोन रेडके होती, आणि सकाळी तितकीच बाहेर सोडली गेली. उरलेल्या घरांसाठी लागणारी जाळी रस्त्याच्या कडेला उतरवून ठेवली आहे. तेथून वर गाडी येत नाही, म्हणून वाड्यातील माणसे आज सकाळपासून एकेक भेंडोळे खांद्यावर घेऊन चढत आहेत.