मान खाली घालून पाहिलेली मॅच

नमस्कार. पत्रिकेवर माझ्या भाषणाचा विषय ‘क्रोशा आणि क्रिकेट : एकाग्रतेचा एक विचार’ असा छापलाय. मी फोनवर एवढंच म्हटलं होतं, की मॅच बघताना विणायचं कसं ते सांगीन. त्याचा विचार कधी झाला, मला कळलं नाही. पण छापलंच आहे तर शेवटची वीस मिनिटं एकाग्रतेला देऊ. मला तास दिलाय, वेळ भरपूर आहे.

आधी हात वर करा बघू, आत्ता या हॉलमध्ये पर्समध्ये क्रोशाची सुई कोणाकोणाकडे आहे? बघा. तुम्ही मागच्या ताई, तुम्ही तर विणताच आहात. चालू द्या, माझी हरकत नाही. हरकत असती तर मला इथे बोलायचा अधिकारच नव्हता.

आता माझं गाऱ्हाणं. आमच्या घरात गेली पस्तीस वर्षं एक वाक्य आहे: ‘तू मॅच बघतच नाहीस.’ नवरा म्हणतो, मुलगा म्हणतो, आता नातूसुद्धा म्हणायला लागलाय. कारण काय, तर माझी मान खाली असते. मान वर असलेला माणूस मॅच बघतो, मग तो मधल्या काळात मोबाइल बघो, जाहिराती बघो, की चिवड्यातले शेंगदाणे वेचो. मान खाली असलेल्या बाईचं मात्र लक्ष नसतं. यावर माझ्याकडे एक पुरावा आहे. तो नागपूरचाच आहे, म्हणून जरा सविस्तर सांगते.

३१ ऑक्टोबर १९८७. इथल्या माणसाला ही तारीख समजावून सांगावी लागत नाही, पण पुण्याहून सून आणली असेल तर तिला सांगावी लागते. रिलायन्स कपाची, म्हणजे त्या वर्षीच्या विश्वचषकाची मॅच, भारत आणि न्यूझीलंड, आपल्या सिव्हिल लाइन्सच्या मैदानावर. जामठ्याचं स्टेडियम तेव्हा स्वप्नातही नव्हतं. तिकिटं दोन मिळाली. एक बाबांना, एक दादाला. मी एकोणीस वर्षांची, माझ्यासाठी तिसरं तिकीट शोधावं असं कोणाच्या मनातही आलं नाही, आणि खरं सांगायचं तर माझ्याही नाही. आईने माझ्या रुखवताची तयारी सुरू केली होती. स्थळ कुठलंच नव्हतं, पण रुखवत तयार पाहिजे. मला अननसाच्या नक्षीचा टेबलक्लॉथ पुरा करायचा होता. आमचं घर सदरमध्ये. खाली दूरदर्शनवर मॅच लागली होती, पण शेजारपाजारचे सगळे पुढच्या खोलीत कोंबून बसलेले, त्यात विणायला कोपर हलवायची सोय नाही. म्हणून मी दोरा घेऊन गच्चीवर गेले.

गच्चीवर टीव्ही नव्हता, पण मैदान होतं. म्हणजे मैदानाचा आवाज होता. तुम्ही कधी नुसत्या आवाजावर मॅच ऐकलीय का? आरोळीचेही प्रकार असतात. चौकाराची आरोळी चेंडूबरोबर वाढत जाते आणि सीमेवर जाऊन फुटते. झेल उडाला की सगळे श्वास धरतात, मग एक तर फुटते, नाही तर कोणी तोंडावर हात ठेवावा तशी मधेच विझते. आणि त्रिफळा उडाला तर वाटच बघत नाही, थेट अंगावर येते. दुपारपर्यंत माझा कान तयार झाला होता. न्यूझीलंडची बॅटिंग, माझी खांबांची, म्हणजे क्रोशाच्या उभ्या टाक्यांची ओळ चालू. अशात एक आरोळी आली, थेट. मी मनात म्हटलं, गेला एक, बोल्ड. चार-पाच खांब होतात न होतात तोच दुसरी, तशीच. मग जे झालं ते मी पुन्हा कधी ऐकलं नाही. एवढं मोठं मैदान आधी गुणगुणायला लागलं, मग टाळ्यांचा ठेका, मग ठेकाही बंद. आणि तिसरी. आमच्या गच्चीच्या कठड्यावरची कबुतरं उडाली.

आपला बोलर चेतन शर्मा. रदरफोर्ड, स्मिथ, चॅटफिल्ड, तिन्ही त्रिफळे. विश्वचषकातली पहिली हॅटट्रिक, म्हणजे लागोपाठ तीन चेंडूंवर तीन विकेट. मी खाली जाऊन कोणाला विचारलंसुद्धा नाही, मला माहीत होतं.

आता गंमत ऐका. दादा संध्याकाळी घरी आला तो घसा बसवून. त्या दिवशी गावसकरनेही कमाल केली होती, नाबाद १०३, वन डे मधलं त्याचं एकुलतं एक शतक, आणि भारताने ३२.१ षटकांत मॅच संपवली होती. दादा गावसकरचा एकेक फटका करून दाखवत होता. मी विचारलं, आणि हॅटट्रिक? तर म्हणाला, ‘ती काय, जबरदस्त.’ मी म्हटलं, तिसऱ्या चेंडूच्या आधी लोक एकदम गप्प का झाले होते रे? तो माझ्याकडे बघतच राहिला. बाबा हसायला लागले. दादा त्या वेळी स्टँडच्या मागे पाण्याच्या रांगेत उभा होता, जी. मैदानात जाऊन त्याने हॅटट्रिक पाहिली नाही, आणि गच्चीवर मान खाली घालून मी ती मोजली. तरीही गेली कित्येक वर्षं प्रत्येक लग्नकार्यात ‘मी हॅटट्रिक पाहिली’ म्हणून तोच सांगतो. तो आज इथे नाही म्हणून मी बोलतेय. व्हिडिओ काढणाऱ्या दादांनी एवढा भाग गाळावा, ही विनंती.

तो टेबलक्लॉथ माझ्याकडे अजून आहे. अकराव्या ओळीत एका जागी तीन खांब जास्त पडलेत. सुई चालू राहिली आणि मोजणी मैदानाकडे गेली. तिथे कापड झालरीसारखं उचललं जातं, कितीही इस्त्री करा, बसत नाही. सासरी रुखवत मांडलं तेव्हा एका मावशींनी नेमकं तिथेच बोट ठेवलं होतं. त्यांना काय सांगणार, की तो चॅटफिल्ड आहे?

मी कुठे होते? हां, मान. ऑगस्ट २०२१ मध्ये टोकियो ऑलिंपिकमधला तो फोटो तुम्हालाही आला असेल. टॉम डेली, ब्रिटनचा डायव्हर, स्वतःचं सुवर्णपदक मिळवून झाल्यावर स्टँडमध्ये बसून विणतोय. मला तो एका दिवसात चौदा जणांनी पाठवला. त्यात आमच्या घरचे दोघे. खाली लिहिलेलं, ‘बघ, किती शांत, किती एकाग्र!’ म्हणजे त्याची मान खाली असली तर एकाग्रता, आणि माझी असली तर दुर्लक्ष. आणि त्याच्या हातात दोन सुया होत्या. ते क्रोशाकाम नव्हेच, साधं विणकाम होतं. हा फरक त्या चौदांपैकी एकालाही दिसला नाही. कुत्र्याचा स्वेटर विणत होता म्हणे. विणो बापडा, चांगलं विणतो. पदकाला पिशवीसुद्धा विणली होती त्याने.

परदेशातल्या विणणाऱ्या बायकांचा याहून मोठा उद्योग आहे. ऑलिंपिकच्या उद्घाटनाला पहिला टाका घालायचा आणि समारोपाच्या आत वस्तू पुरी करायची, अशी त्यांची स्पर्धा चालते. तिच्या नावात त्यांनी ऑलिंपिकचा तुकडा जोडला होता, त्यावरून २०१२ साली अमेरिकेच्या ऑलिंपिक समितीने त्यांना नोटीस धाडली. म्हणे यामुळे खेळाडूंचा अपमान होतो. बायका अशा काही खवळल्या, की समितीला माफी मागावी लागली. नाव मात्र बदललं, ‘रॅव्हलेनिक’ केलं. विणकामामुळे शंभर मीटर धावणाऱ्याचा अपमान कसा होतो, यावर मी पुष्कळ विचार केला. एका शेवटच्या ओळीत सगळा गळा उसवावा लागला, की माझा होतो, एवढं मला माहीत आहे.

उसवण्यावरून आठवलं. १२ मार्च २०११, आपलं जामठा, वर्ल्ड कपची मॅच, भारत आणि दक्षिण आफ्रिका. सचिनच्या १११ धावा, १ बाद २६७ वरून सर्वबाद २९६. २९ धावांत ९ विकेट. आम्हा क्रोशावाल्यांना त्यात नवल वाटलं नाही. सुईतून शेवटचा टाका निसटला आणि पोराने दोरा ओढला, की असंच जातं, सर सर सर. त्या स्पर्धेत भारत एवढीच एक मॅच हरला आणि ती आपल्याकडे. असो.

त्यानंतर तीन आठवड्यांनी फायनल, २ एप्रिल. ही गोष्ट सांगितल्याशिवाय मला घरी घेणार नाहीत. नागपूरचा एप्रिल, कूलर घरघरतोय, टीव्हीचा आवाज त्याच्यावर चढवलेला, दमट हवेने दोरा बोटांना चिकटतोय. मी देवघराच्या दाराचं तोरण विणत होते. लंकेच्या २७४ झाल्या होत्या. आपली बॅटिंग सुरू झाली आणि मी सुई ठेवून ताक आणायला उठले. दुसऱ्याच चेंडूवर सेहवाग गेला. मी ताकाची भांडी फिरवत होते तोवर सचिनही गेला. आमच्या सासूबाई जुन्या नागपूरच्या, अस्सल महाल भागातल्या. त्या आरामखुर्चीतून म्हणाल्या, ‘काहून ठेवली वो सुई? तू ठेवली का विकेट पडते. आता उठू नको.’

झालं. तेव्हापासून सगळ्या घराने मला कामाला लावलं. नवरा, ज्याच्या मते मी मॅच बघतच नाही, तोही म्हणाला, हात थांबवू नकोस. पाणी मुलाने तोंडाला लावलं. मी विणतेय, गंभीर खेळतोय, विणतेय, खेळतोय. गंभीर सत्तरीत पोचला आणि माझा गुंडा सुपारीएवढा उरला. रात्रीची वेळ, बर्डीच्या बाजारात एक दुकान उघडं नाही, आणि असतं तरी मला उठायची परवानगी नव्हती. सासूबाई मुलाला म्हणाल्या, ‘माळ्यावरून टीव्हीचं कव्हर काढ.’ आमच्याकडे रंगीत टीव्ही आला तेव्हा ते कव्हर त्यांनी स्वतः विणलं होतं. मधे गुलाब, कडेला जाळी. टीव्ही सपाट झाल्यावर ते माळ्यावर गेलं होतं. मी म्हटलं, आई, अहो तुमच्या हातचं आहे ते. म्हणाल्या, ‘उसव.’ मग एका टोकाने मुलगा उसवतोय, दुसऱ्या टोकाने मी विणतेय. वर्षानुवर्षं टाक्यांत बसलेला दोरा तो, शेवयांसारखा कुरळा येत होता.

आणि गंभीर ९७ वर गेला. माझा हात चालू असताना! सगळे सासूबाईंकडे वळले. त्या शांतपणे म्हणाल्या, ‘उसवलेल्या दोऱ्यात तेवढा दम नसते.’ धोनीचा षटकार गेला तेव्हा आमच्याकडे फटाके उडाले, माणसं एकमेकांच्या गळ्यात पडली. मी खुर्चीत. कारण आता थांबलं तर चालतं, हे मला सांगायचं कोणाच्या लक्षातच नव्हतं. तोरणाची उजवी बाजू कुरळ्या दोऱ्याची आहे. सासूबाई गेल्या त्याला नऊ वर्षं झाली. ते तोरण मी धुवायला दुसऱ्या कोणाला देत नाही.

ही चिठ्ठी... पाच मिनिटं? अहो, आत्ता तर कुठे एकाग्रतेपाशी आले. बरं, भराभर सांगते, लिहून घेणाऱ्यांनी घ्या.

मॅचला क्रोशाच का, दोन सुयांचं विणकाम का नाही? दोन सुयांवर शंभर टाके असले तर शंभरही उघडे असतात. कोणी दचकून धक्का दिला आणि सुई निघाली, की शिडीसारखे खालपर्यंत पळतात. क्रोशात सुईवर एकच टाका जिवंत असतो, बाकीचे आपापल्या जागी बांधलेले. सिक्स गेला, सुई फेकून नाचा, आल्यावर एकच टाका उचलायचा आहे. दुसरं, काम निवडताना बुद्धी लागेल असं घेऊ नका. अननस अजिबात नाही, मी अनुभवाने सांगते. सरळ खांब, रंग उजळ. रात्रीच्या मॅचला काळा दोरा घेणारी बाई एक तर मॅच सोडते नाही तर डोळे. तिसरं, आणि हीच ती छापलेली एकाग्रता. हात रिकामा असला की मन रिकाम्या हातामागे जातं, मोबाइलकडे, फ्रिजकडे. हाताला मोजायचं काम दिलं, की कान आणि मन जागेवर राहतात. क्रिकेट तर मोजण्याचाच खेळ, सहा चेंडू झाले की थांब, बाजू बदल. आपणही ओळ झाली की काम उलटं धरतोच की. यावर माझ्याकडे चार पानं होती. राहू द्या.

फक्त हा पट्टा दाखवते आणि बसते. पहिल्या रांगेतून मागे जाऊ द्या. २ नोव्हेंबर २०२५, नवी मुंबई, आपल्या मुलींची वर्ल्ड कप फायनल, समोर दक्षिण आफ्रिका. मी आधीच ठरवलं होतं, एका चेंडूला एक खांब, एका षटकाची एक ओळ. वाइड आणि नो बॉलला खांब नाही, नुसता दोरा एकदा ओढायचा. पावसाने मॅच उशिरा सुरू झाली, तोवर मी नुसत्या साखळ्या घालून बसले होते. निळा भाग आपला, पन्नास ओळी, २९८ धावा. हिरवा भाग त्यांचा. लाल मणी म्हणजे विकेट, सतरा आहेत, मोजून घ्या. हिरव्यात बेचाळिसाव्या ओळीचा पहिलाच खांब जरा सैल दिसेल. त्यांची कॅप्टन वोल्वार्ट, तिचा झेल आपल्या अमनजोतच्या हातात नाचत होता तेव्हा माझ्या बोटात दोराही नाचत होता. आणि अगदी शेवटची ओळ तिसऱ्या खांबावर थांबलीय, दीप्तीची पाचवी विकेट, हरमनप्रीतचा झेल. एकूण ५७३ खांब. त्या दिवशी नवऱ्याने रात्री बाराच्या पुढे पहिल्यांदाच विचारलं, ‘कितव्या षटकात गेली गं ती वोल्वार्ट?’ आणि मी पट्टा त्याच्या मांडीवर ठेवला.

दोरा मी अजून कापलेला नाही, शेवटच्या टाक्याला सेफ्टी पिन लावलीय. बघा, हात लावा, पण ती पिन कोणी काढू नका हं. काढली आणि कुणी दोरा ओढला, तर सगळ्यात आधी हरमनचा झेल सुटेल.