कसणाऱ्याच्या नावाचा हप्ता

मंडळी, पत्रिकेत विषय छापलाय 'शेतकरी सन्मान निधी आणि आपला तालुका'. पीएम किसानचे वर्षाला 6,000 आणि 2023 पासून नमो शेतकरीचे आणखी 6,000, हे इथे कुणाला सांगायला नको. हप्ता कधी पडतो ते घरातल्या पोरांनाही पाठ असतं. मला बोलायचंय ते हप्ता पडतो कुणाच्या खात्यात, यावर.

औसा तालुक्यातला एक शेतकरी. स्वतःची जमीन नाही, चार एकर ठोक्यानं करतो. म्हणजे वर्षाचे पैसे पाडव्यालाच मालकाच्या हातावर ठेवायचे. पुढे पिकलं तर याचं, बुडालं तरी याचंच. बी, खत, फवारणी, मळणीचं भाडं, सगळं याच्या खिशातून. मालक पुण्यात. माणूस वाईट नाही, दिवाळीला आला की याच्या पोरांना कपडे आणतो. 2025 च्या सप्टेंबरात मराठवाड्यात अतिवृष्टी झाली, तेव्हा मी त्या रानात गेलो होतो. सोयाबीनमध्ये गुडघाभर पाणी. त्यानं एक शेंग तोडून बोटांनी फोडली, आतल्या दाण्याला कोंब आलेला. पंचनामा झाला, फोटो निघाला, फोटोत उभा हाच. अनुदान गेलं मालकाला, कारण सातबारा त्याचा, फार्मर आयडी त्याचा, आधार जोडलेलं खातं त्याचं. पीएम किसानचा मेसेजही पुण्यालाच वाजतो. मालकानं अनुदानातले थोडे पाठवले. किती, असं विचारलं तर म्हणाला, "दिले तेवढे. जास्तीचं मागावं तर पुढच्या पाडव्याला रान दुसऱ्याला जाईल."

मला याचा राग येतो, आणि तो मालकावरचा नाही. मालक ठोक्याचं लिहून देत नाही कारण त्याला कूळ लागायची, म्हणजे कसणाऱ्याचा जमिनीवर कायद्यानं हक्क बसायची, धास्ती. कसणाऱ्याला जमीन मिळावी म्हणून जो कायदा झाला, त्याच्याच भीतीनं आज कसणाऱ्याला साधी चिठ्ठी मिळत नाही! आणि पीएम किसानचे नियम वाचा. आयकर भरणारा नको, डॉक्टर नको, वकील नको, दहा हजारांवर पेन्शनवाला नको. कुणाला द्यायचं नाही याचा इतका बारीक विचार झालाय. रानात कोण राबतं, हा प्रश्न मात्र कुठेच नाही. जन्मभर खुरपणी करणाऱ्या बाईचं नाव सातबाऱ्यावर नसेल, तर तिचंही तेच.

चिठ्ठी आलीये, पाचच मिनिटं उरली म्हणतात. उपाय भराभर सांगतो. ओडिशाच्या कालिया योजनेत भूमिहीन आणि वाटेकरी दोघेही घेतले होते. बंगालच्या कृषकबंधूत नोंद असलेल्या बर्गादाराला, म्हणजे तिकडच्या वाटेकऱ्याला, पैसे मिळतात. म्हणजे हे जमतं. मालकी अबाधित ठेवून जमीन भाड्यानं देण्याचा नमुना कायदा नीती आयोगानं 2016 मध्येच करून ठेवलाय. आपल्याकडे 2021 पासून ई-पीक पाहणी, म्हणजे रानात काय पेरलंय ते मोबाइलवरून सातबाऱ्यावर नोंदवायची सोय, राज्यभर आहे. त्यात 'प्रत्यक्ष कसणारा' असा एक रकाना वाढवा, आणि त्या नोंदीवरून कूळहक्क लागणार नाही असं कायद्यातच लिहा. मालकाची भीती जाईल. मग निदान नुकसानीचं अनुदान आणि पीकविमा तरी त्या रकान्यातल्या नावावर पडू दे. सन्मान निधीचं त्यानंतर भांडू.

ही मागणी ग्रामसभेच्या ठरावातूनच वर जायला हवी. ठरावाचा मसुदा दाराजवळच्या टेबलावर ठेवलाय. एकेक प्रत घेऊन जा आणि 26 जानेवारीच्या ग्रामसभेत मांडा.