खेळाच्या टेबलावरून बातम्यांच्या खुर्चीत

श्रोतेहो, नमस्कार.

आपल्यापैकी ज्यांनी बाळ ज. पंडितांचं क्रिकेटचं धावतं वर्णन आकाशवाणीवर ऐकलंय, त्यांना मुद्दाम सांगायला नको. समालोचकापुढे लिहिलेला कागद नसतो. चेंडू पडेल तसं बोलायचं. बातम्या देणाऱ्यापुढे मात्र कागद असतो. तरीही बहुतेक वृत्तकक्षांत मान बातम्यांना, आणि खेळ शेवटच्या दोन मिनिटांत, वेळ उरला तर. त्यामुळे खेळाच्या टेबलावरून उठून कुणी बातम्यांच्या खुर्चीत बसलं की लोकांच्या भुवया उंचावतात. अशाच एका अमेरिकन बाईंविषयी आज बोलायचंय. रॉबिन रॉबर्ट्स.

जन्म 1960चा, अलाबामातल्या टस्कीगी गावचा. वडील लॉरेन्स रॉबर्ट्स हवाई दलात होते. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेनं कृष्णवर्णीय तरुणांना वैमानिक म्हणून तयार केलं, त्या नावाजलेल्या टस्कीगी तुकडीतले ते. बदल्या होत होत कुटुंब मिसिसिपीच्या किनाऱ्यावर पास ख्रिश्चन नावाच्या छोट्या गावात स्थिरावलं. रॉबिन कॉलेजात बास्केटबॉल खेळायच्या, आणि नुसत्या हौसेनं नव्हे. साउथईस्टर्न लुइझियाना विद्यापीठाच्या संघाकडून त्यांनी हजाराहून जास्त गुण मिळवले. 1983 साली पदवी घेतली आणि हॅटिसबर्गच्या एका स्थानिक वाहिनीवर शनिवार-रविवारच्या क्रीडावृत्तांचं अर्धवेळ काम धरलं. पगार ताशी 5.50 डॉलर. मग बिलॉक्सी, नॅशव्हिल, अटलांटा अशी शहरामागून शहरं. आणि 1990 मध्ये ईएसपीएन, ही अख्ख्या अमेरिकेत दिसणारी खेळांची वाहिनी.

ईएसपीएनच्या ‘स्पोर्ट्ससेंटर’ या क्रीडावृत्तांच्या कार्यक्रमावर त्या आल्या तेव्हा तिथं कृष्णवर्णीय बाई निवेदक म्हणून कुणी बसलेली नव्हती. आता दक्षिणेतल्या छोट्या वाहिन्यांवर ही मुलगी नेमकं काय शिकली असेल? सामना लांबला की कार्यक्रमाची आखणी कोलमडते. कानात निर्माता ओरडत असतो, अजून चार मिनिटं भर, आणि समोर काही लिहिलेलं नसतं. ती चार मिनिटं भरताना आवाज डळमळला तर प्रेक्षकाला लगेच कळतं. दुसरी गोष्ट मला जास्त मोलाची वाटते. खेळाच्या निवेदकाला आनंद दाखवायची, हळहळायची परवानगी असते. बातम्यांत तीच गोष्ट दाबायला शिकवतात.

1995पासून त्या एबीसी या वाहिनीच्या ‘गुड मॉर्निंग अमेरिका’ या सकाळच्या कार्यक्रमात अधूनमधून दिसायला लागल्या. खेळ मात्र सोडला नाही, बरीच वर्षं दोन्हीकडे पाय ठेवला. ही वाट अगदीच अनोळखी नव्हती. एनबीसी या प्रतिस्पर्धी वाहिनीवर ब्रायंट गंबेल 1982 मध्येच खेळाकडून ‘टुडे’ या सकाळच्याच कार्यक्रमात गेले होते. आणि हेही सांगायला हवं, की सकाळचा कार्यक्रम म्हणजे रात्रीचं बातमीपत्र नव्हे. तिथं राष्ट्राध्यक्षांची मुलाखत असते आणि थोड्या वेळानं पॅनकेकही उलटावे लागतात. नाकं मुरडणारे त्यावरच बोट ठेवतात. मला तर दोन्ही एकाच चेहऱ्यानं करणं जास्त कठीण वाटतं.

मे 2005 मध्ये त्या कार्यक्रमाच्या मुख्य निवेदकांपैकी एक झाल्या. ऑगस्टच्या अखेरीस कॅटरिना वादळ आलं, थेट त्यांच्याच किनाऱ्यावर. आई आणि बहीण तिथंच होत्या, फोन बंद. वार्तांकनासाठी रॉबिन तिकडे पोहोचल्या, थेट प्रक्षेपणाआधी धडपडत घरच्यांचा शोध घेतला, माणसं सुखरूप सापडली. मग कॅमेऱ्यासमोर उभं राहून नुकसानीचं वर्णन नीट केलं. शेवटी न्यूयॉर्कच्या स्टुडिओतून सहकारी चार्ल्स गिब्सन यांनी विचारलं, घरचे कसे आहेत? आणि त्या रडल्या. सगळ्या देशासमोर. आता नोकरी गेली, असं त्या क्षणी वाटलं, हे त्यांनीच पुढं सांगितलंय. नोकरी गेली नाही. उलट कार्यक्रमानं पास ख्रिश्चन गाव उभारणीसाठी दत्तक घेतलं. नुसत्या बातम्यांच्या शाळेत वाढलेला निवेदक तिथं कदाचित डोळे पुसून ‘आता पुढची बातमी’ म्हणाला असता. तेही चूक नव्हतं. पण प्रेक्षकांनी या बाईंना आपलं मानलं ते त्या दिवसापासून, असं माझं मत.

2012 हे वर्ष विलक्षण. एप्रिलमध्ये ‘गुड मॉर्निंग अमेरिका’नं ‘टुडे’ला प्रेक्षकसंख्येत मागं टाकलं. ‘टुडे’ सलग 852 आठवडे पहिला होता! 9 मे रोजी बराक ओबामांनी समलिंगी विवाहाला आपला पाठिंबा जाहीर केला, तो रॉबिन यांच्या मुलाखतीत. पदावर असलेल्या अमेरिकन अध्यक्षानं असं म्हणण्याची ती पहिलीच वेळ. आपली जोडीदार एक स्त्री आहे हे रॉबिन यांनी तोवर जाहीर केलेलं नव्हतं; ते सांगितलं पुढच्या वर्षाच्या अखेरीस. 2012च्या जूनमध्ये त्यांना अस्थिमज्जेचा विकार झाल्याचं समजलं. 2007 साली स्तनाच्या कर्करोगावर जे उपचार घेतले, त्यांतूनच तो उद्भवलेला. ऑगस्टच्या शेवटी आई गेली. सप्टेंबरमध्ये अस्थिमज्जेचं प्रत्यारोपण झालं आणि दाता होती थोरली बहीण सॅली-ॲन. या सॅली-ॲनही न्यू ऑर्लिन्सच्या वाहिनीवर बातम्या द्यायच्या, रॉबिनच्या कितीतरी आधीपासून. म्हणजे बातम्यांचं रक्त घरात होतंच म्हणायचं.

20 फेब्रुवारी 2013 ला रॉबिन पुन्हा कामावर आल्या. त्याच उन्हाळ्यात ईएसपीएननं त्यांना आर्थर ॲश यांच्या नावाचा धैर्य पुरस्कार दिला. ॲश टेनिसपटू, पुरस्कार क्रीडाविश्वातला, आणि घेणारी बाई तेव्हा पूर्णवेळ बातम्यांत. स्वीकारताना त्यांना कुणी पाहुणी समजलं नाही.

नमस्कार.