कार्पेटखाली जुनी फरशी सापडली? आधी ॲसिडची बाटली बाजूला ठेवा

नमस्कार मंडळी! कार्पेटचा कोपरा उचलला आणि खाली जुनी नक्षीची फरशी दिसली की हात शिवशिवतात, वाटतं आत्ताच्या आत्ता सगळं उपटून टाकावं. जरा थांबा. इतकी वर्षं कार्पेटखाली राहून जे नुकसान झालं नाही ते पहिल्या दोन दिवसांच्या घाईत होतं, आणि ते भरून येत नाही, म्हणून हा व्हिडिओ.

आधी खाली नक्की काय आहे ते ओळखा. टाइल पातळ, साधारण नऊ इंच बाय नऊ इंच, प्लास्टिकसारखी लागणारी आणि खाली डांबरासारखा काळा गोंद असेल, तर काम तिथेच थांबवा. १९८० च्या आसपासपर्यंतच्या अशा टाइल्समध्ये आणि त्या गोंदातही ॲस्बेस्टॉस (ज्याची धूळ श्वासातून गेली तर फुफ्फुसांना घातक असते असं तंतुमय खनिज) असू शकतं आणि ते नुसतं बघून कळत नाही, लॅबमध्येच तपासावं लागतं. तोवर घासणं, खरवडणं, तोडणं काहीच नको. हे मी अगदी कळकळीने सांगतेय.

आता ही बघा, ही सुटी निघालेली सिमेंट टाइल, कॅमेरा जवळ घेते. कड दिसतेय? वर हा रंगाचा थर, जेमतेम तीन-चार मिलिमीटर, आणि खाली सगळं राखाडी सिमेंट. ही भट्टीत भाजलेली नसते, साच्यात रंगीत सिमेंट ओतून प्रेसखाली दाबलेली असते, वर ग्लेझ म्हणजे काचेसारखा चकचकीत थर वगैरे काही नाही. म्हणजे जी काही नक्षी आहे ती या एवढ्याशा थरात आहे, ग्राइंडर जोरात फिरवला की गेली.

आणि ॲसिड! डाग दिसला की लोक आधी तेच ओततात. सिमेंटमध्ये चुना असतो, त्यावर ॲसिड पडलं की फेस येतो, आपल्याला वाटतं वा, मळ निघतोय, पण तेव्हा फरशीच विरघळत असते. वाळल्यावर हात फिरवून बघा, बारीक वाळूसारखं खरखरीत लागतं आणि रंग फिका पडलेला असतो. व्हिनेगर, लिंबूसुद्धा नको, ते पण ॲसिडच. क्लीनर घ्यायचा तर बाटलीवर पीएच न्यूट्रल, म्हणजे ना ॲसिड ना अल्कली, असं लिहिलेलं बघून घ्या.

कार्पेट काढताना मास्क आणि हातमोजे घाला, उलट्या बाजूने वरवर कापून पट्ट्या करा, कटरचं पातं फरशीला लागू देऊ नका. भिंतीकडेने खिळ्यांच्या लाकडी पट्ट्या असतात, त्या उचकटताना हत्याराखाली लाकडाचा तुकडा ठेवा नाहीतर टाइलचा कोपरा उडतो. मागे राहिलेल्या गोंदावर गरम पाण्यात पिळलेलं फडकं वीसेक मिनिटं ठेवायचं, मग प्लास्टिकच्या स्क्रॅपरने हळूहळू. नाहीच निघाला तर गोंद काढायचं जेल, पण आधी एका कोपऱ्यात लावून बघायचं, रंगावर काय होतं ते. कंटाळवाणं काम आहे खरं, पण पहिलं ओलं फडकं फिरवल्यावर धुळीखालून तो लाल रंग वर येतो ना, तेव्हा अंगात परत उत्साह येतो.

मग नाणं घेऊन एकेक टाइल वाजवा. पोकळ आवाज आला तर ती सुटलीय, काढून परत बसवा. फुटलेल्या टाइलसाठी बाजारात जोड मिळणं कठीण, त्यापेक्षा कपाटाखालची अख्खी टाइल जपून काढा आणि ती मधे लावा, फुटकी कपाटाखाली.

सीलर, म्हणजे फरशीत पाणी आणि डाग मुरू नयेत म्हणून लावायचं द्रव, लावायची मात्र घाई नको. प्लास्टिकचा तुकडा चारही बाजूंनी टेपने चिकटवून चोवीस तास ठेवा, आतून पाण्याचे थेंब दिसले तर ओल अजून आहे. अशा वेळी वर थर बसणारा सीलर लावला की ओल अडकते, पांढरा खार फुटतो, थर सोलवटतो. फरशी नीट वाळू द्या आणि आत मुरणारा सीलरच घ्या, जास्तीचा लगेच पुसून टाका. लावल्यावर त्यावर पाण्याचा थेंब सोडा, तसाच गोल उभा राहिला तर झालं, पटकन आत शोषला गेला तर अजून एक हात मारा.