इन्स्पेक्टरचं लग्न पहाटे साडेतीनला

(दृश्य : वडसा, गडचिरोली जिल्ह्यातलं झाडीपट्टी नाटकमंडळ्यांचं गाव. दिवस मावळतीला. ट्रकमध्ये पडदे, पेट्या आणि एक लाकडी दार चढवलं जातंय.)

हे दार नीट बघा. आज रात्री ते लाथेनं उघडणार आहे, उद्या दुसऱ्या गावात पुन्हा. लांबून सागवानी वाटतं. आहे प्लायवूडचं, वरून तपकिरी रंगाचा हात मारलेला. त्याला कडी नाही, कुलूप नाही. मागच्या खिळ्याला सुतळीची सुरगाठ, आणि सुतळीचं टोक विंगेत बसलेल्या पोराच्या हातात. इन्स्पेक्टरचा बूट दाराला लागायला आणि गाठ सुटायला एकच वेळ यायला हवी. पोरानं उशीर केला तर इन्स्पेक्टरचा पाय मुरगळतो. घाई केली तर दार आपणहून उघडतं आणि पब्लिकमधून आवाज येतो, “दया पोचलाच नाई रे अजून!”

(दृश्य : गावातलं मैदान. मंडप, बाजूला धानाचे पुंजणे.)

दया म्हणजे ‘सीआयडी’तला, लाथेनं दार तोडणारा इन्स्पेक्टर. ही मालिका सोनी वाहिनीवर १९९८ साली सुरू झाली, २०१८पर्यंत चालली, दीड हजारांहून जास्त भाग झाले. इथं घराघरात डिशची छत्री लागली, तशी ती घराघरात पोचली. एसीपी प्रद्युम्नची बोटं कशी फिरतात हे इथलं शेंबडं पोरही करून दाखवतं. पण मंडपात पुढं जागा धरून बसलेल्या या बायांना खुनाचं फारसं पडलेलं नाही. त्यांचा सवाल दुसराच आहे.

“तो अभिजीत त्या डॉक्टरीनकडं निस्ता पायतच रायते. लगन काहून नाई करत जी?”

अभिजीत हा दयाचा जोडीदार इन्स्पेक्टर, आणि डॉक्टरीण म्हणजे तारिका. फॉरेन्सिक लॅबमध्ये डॉ. साळुंखेंच्या हाताखाली काम करणारी. अभिजीत रिपोर्ट घ्यायला यायचा, एखादं गोड वाक्य टाकायचा, साळुंखे वैतागायचे, दया गालात हसायचा. बस्स. पुढच्या भागात नवं प्रेत, नवा रिपोर्ट, आणि तेच गोड वाक्य.

(दृश्य : मेकअपची खोली. नाटकाचे लेखक स्वतःच मिशी चिकटवताहेत.)

याचं कारण या नाटकाच्या लेखकांनी आम्हाला मिशी वाळेपर्यंत समजावून सांगितलं. अशा मालिकेत गुन्हा त्या त्या भागात, फार तर दोन-तीन भागांत मिटतो. प्रेक्षकानं मधले दहा भाग पाहिले नाहीत तरी अडत नाही. वाहिनीला तेच हवं असतं, कारण जुना भाग कुठलाही, कधीही पुन्हा दाखवता येतो. आता समजा, मध्येच लग्न लावलं. मग सकाळच्या पुनःप्रसारणात नवरा, आणि दुपारच्या भागात पुन्हा लाजत लाजत रिपोर्ट मागणारा! म्हणून जोडी दर वेळी होती तिथंच आणून ठेवायची. मडकं वाजवायचं, पण फुटू द्यायचं नाही.

अमेरिकेतही हीच भीती. तिथं १९८५ साली ‘मूनलायटिंग’ नावाची मालिका आली. डिटेक्टिव्ह एजन्सीतली मालकीण आणि तिचा सहकारी, सारखी भांडणं. दोघं एकत्र आली आणि नंतर मालिका घसरली, १९८९ला बंद पडली. तेव्हापासून टीव्हीवाल्यांनी धसका घेतला की जोडी जुळली की मालिका मेली. खरं तर भाग वेळेवर तयार होत नव्हते, नायिकेचं बाळंतपण आलं, १९८८ला लेखकांचा संप झाला. पण खापर फुटलं प्रेमावर. पुढं ‘बोन्स’नं तो धसका खोटा पाडला. हाडं तपासणारी डॉक्टर आणि एफबीआयचा माणूस, दोघांचं लग्न झालं आणि त्यानंतरही मालिका २०१७पर्यंत चालली.

(दृश्य : रंगमंच. पोलीस स्टेशनचा पडदा सुटतो. टाळ्या, शिट्ट्या.)

झाडीपट्टीच्या नाटकाला ही अडचणच नाही. झाडीपट्टी म्हणजे गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा, गोंदिया. दिवाळीनंतर धान घरात आलं की या चार जिल्ह्यांत नाटकांचा हंगाम लागतो, आणि वडशाच्या मंडळींना गावोगावची बोलावणी येतात. शंकरपट म्हणजे बैलांची शर्यत, किंवा मंडई म्हणजे दिवाळीनंतरची जत्रा असली की गावात पाहुणे, आणि पाहुणे म्हटले की रात्री नाटक. इथं पुढचा भाग नसतो. जे काही व्हायचं ते कोंबडं आरवायच्या आत. शहरातले लोक याला नक्कल म्हणून नाक मुरडतात. त्यांनी एकदा थंडीत घोंगडी घेऊन रात्रभर बसून पाहावं. याच रंगभूमीच्या परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली आहे, हेही जाता जाता सांगून ठेवतो.

(दृश्य : रंगमंचावर लॅब. टेबलावर तीन बाटल्या, लाल, हिरवी, निळी.)

लाल बाटलीत रूहअफजा आहे. बाकी दोन्हींत काय आहे ते मंडळानं सांगितलं नाही. डॉक्टरीण बाटली हलवते, इन्स्पेक्टर टोपी काखेत धरून उभा. प्रेत अजून स्टेजवरच आहे, चादरीखाली. दोघांचं बोलणं रंगतं, ऑर्गनवाला सूर धरतो, गाणं सुरू होतं, आणि गाण्याच्या दुसऱ्या कडव्याला चादरीखालचा पाय ठेका धरतो. मंडप कोसळायचा बाकी राहतो.

पण खरी बाजी मारते ती दुसरी जोडी. ती फौजदारीण, तो तिच्याच ठाण्यातला हवालदार. ती समोर आली की याचा सॅल्यूट होतो आणि हात कपाळावरून खाली यायलाच तयार नाही. ती म्हणते, “हात खाली घ्या.” हा म्हणतो, “ऑर्डर लेखी द्या, मॅडम.” ती खरोखर कागद घेते, लिहिते, सही करते, शिक्का मारते. एवढ्या वेळात एक शब्द नाही. फौजदारीण झालेल्या ताई सांगतात, “प्रॉम्प्टरदादाला मी सांगून ठेवलंय, इथं चूप राहायचं. शिक्का वाजेपर्यंत पब्लिक आपलं.”

वर्दीतलं प्रेम टीव्हीवर बहुतेकदा वरच्या हुद्द्याच्या पुरुषाकडून सुरू होतं. इथं उलटं, आणि त्याचं कोणाला काही वाटत नाही. बाया तर तोंडाला पदर लावून हसताहेत.

(दृश्य : तिसरा अंक. दाराला लाथ. गाठ वेळेवर सुटते.)

खुनी सापडतो. कोण, ते सांगत नाही, अजून प्रयोग बाकी आहेत. साडेतीनला अंतरपाट धरला जातो. ठाण्याच्या पडद्यासमोर दोन्ही जोड्यांचं लग्न, आणि मंगलाष्टकं म्हणायला खुद्द आरोपीचा वकील.

लग्नानंतर काय? खऱ्या पोलिसांत दोघांची नेमणूक दोन टोकांना होऊ शकते, पती-पत्नी एकत्रीकरणाचे अर्ज फिरत राहतात, आणि वरिष्ठानं हाताखालच्या बाईवर जीव टाकला तर ती ‘नाही’ म्हणू शकते का, हा प्रश्न ना मालिकेत येतो ना नाटकात.

(दृश्य : पहाट. मंडप रिकामा होतोय. लेखक मिशी काढताहेत.)

गावच्या मंडळाचे अध्यक्ष लेखकांना गाठतात. पुढल्या साली ‘भाग दुसरा’ पाहिजे, त्यात फौजदारीणबाईची बदली दाखवा म्हणतात. लेखक विचारतात, हवालदाराचं काय करायचं? “त्याले स्वयंपाक करू द्या ना जी.” लेखक हो म्हणत नाहीत, नाहीही म्हणत नाहीत. आधी मागची बाकी द्या, म्हणतात.