खुंटी न पिळता आलेला ताण

श्रोतेहो, नमस्कार. मिरजेत सतारमेकरांच्या गल्लीतून गेलात, तर कारागीर खुंटी पिळताना दिसतात. तारेतला ताण तिथे कानाला कळतो. पोलादी नळीतला ताण ऐकू येत नाही, आणि अणुभट्टीवाल्यांची बरीचशी डोकेदुखी तिथूनच सुरू होते.

वेल्डिंगचा जोड निवताना आकसू पाहतो, पण शेजारचं थंड पोलाद त्याला आकसू देत नाही. खुंटी कुणी पिळलेली नसते, तरी ताण आत राहून जातो. आता स्टेनलेस गंजत नाही, ते त्यातल्या सुमारे १८ टक्के क्रोमियममुळे. वेल्डिंगच्या उष्णतेत हे क्रोमियम कार्बनला जाऊन चिकटतं आणि पोलादाच्या कणांच्या बांधावर क्रोमियमचा दुष्काळ पडतो. (दुष्काळात बांधाकडेची भेग कशी रुंदावते, ते जत-आटपाडीकरांना मी काय सांगणार!) तारापूरच्या पहिल्या दोन भट्ट्या १९६९पासूनच्या, उकळत्या पाण्याच्या. अशा भट्टीत पाणी २८५ अंशांच्या आसपास असतं, आणि किरणोत्सारानं पाणी फुटून त्यात ऑक्सिजन सुटतो. ताण, दुबळा बांध आणि हे पाणी, तिघं जमले की तडा बांधाबांधानं आत सरकतो. वरून नळी चकचकीतच!

तिघांपैकी एकाला हाकललं तरी भागतं. म्हणून कार्बन ०.०३ टक्क्यांपर्यंत उतरवलेलं पोलाद वापरतात, किंवा पाण्यात हायड्रोजन सोडून ऑक्सिजन आवरतात.

दुखणं तसं जुनं आहे, आणि आपल्याच मुलखात ओळखलं गेलेलं. ब्रिटिश फौजेची पितळी काडतुसं पावसाळ्यात आपोआप तडकायची. ती ठेवलेली असत तबेल्यात. घडवताना पितळेत राहिलेला ताण, दमट हवा आणि घोड्यांच्या मुतातला अमोनिया, असं ते त्रिकूट होतं. १९२१ साली त्याचा नीट उलगडा झाला.

अमेरिकेत ओहायोतल्या डेव्हिस-बेसी भट्टीत मात्र तड्यावर भागलं नाही. भट्टीच्या झाकणातून जाणाऱ्या निकेल मिश्रधातूच्या नळीला तडा गेला आणि बोरिक आम्लाचं पाणी झिरपू लागलं. त्यानं जवळजवळ वीतभर जाड झाकण कुरतडलं. २००२ साली पाहिलं, तेव्हा त्या जागी आतलं स्टेनलेसचं अस्तर तेवढं उरलं होतं, सेंटिमीटरभरही नाही. आतला सगळा दाब त्या अस्तरानं पेलला होता. झाकणावरून उतरलेले गंजाचे तांबडे ओघळ २०००च्या तपासणीतल्या फोटोत स्पष्ट दिसतात.