आठ आयन, दहा तास

नमस्कार श्रोतेहो.

शितावरून भाताची परीक्षा, असं आपण म्हणतो. क्वांटम संगणकाच्या प्रयोगशाळेत मात्र एक शीत दाबलं की अख्खं पातेलं वाया जातं. क्युबिट, म्हणजे या संगणकातला माहितीचा सर्वांत छोटा घटक, मोजला, की त्याची मूळ अवस्था गेली. तिची नक्कल आधी काढून ठेवावी, तर तेही निसर्गाला मंजूर नाही. मग तोच भात पुन्हा रांधायचा आणि पुन्हा दाबायचा.

2005 साली ऑस्ट्रियातल्या इन्सब्रुकमध्ये शास्त्रज्ञांनी कॅल्शियमचे आठ आयन, म्हणजे विद्युतभारित अणू, एका रांगेत धरले; प्रत्येक आयन हा एक क्युबिट. लेसरने ते एकमेकांत गुंतवले, म्हणजे त्यांच्या अवस्था एकमेकींशी बांधल्या, आणि त्या अवस्थेचं संपूर्ण चित्र काढलं. प्रत्येक आयन तीन दिशांनी मोजायचा: एक्स, वाय, झेड. आठांच्या मिळून जुळण्या झाल्या 6,561, आणि प्रत्येक जुळणी शंभर वेळा. साडेसहा लाखांवर प्रयोग, दहा तास! आयन आणखी एक वाढला, की काम तिप्पट. पन्नास आयनांना याच वेगाने विश्वाच्या वयाच्या सुमारे 90 लाख पट वेळ लागेल. हा हिशेब मी दोनदा करून पाहिला, तरी विश्वास बसेना.

2020 साली शिन-युआन हुआंग, रिचर्ड क्युंग आणि जॉन प्रेस्किल यांनी यातून वाट काढली. तिचं नाव ‘क्लासिकल शॅडो’, म्हणजे सावली. त्यांचं म्हणणं असं, की संपूर्ण चित्र हवंय कुणाला? आपले प्रश्न बहुधा दोन-तीन क्युबिटांपुरतेच असतात. शेजारचे दोघे एका सुरात आहेत का, एवढंच. मग प्रत्येक वेळी प्रत्येक क्युबिटासाठी जणू फासा टाकायचा, जी दिशा येईल त्या दिशेने मोजायचं आणि उत्तर वहीत टिपायचं. प्रश्न नंतर ठरवले तरी चालतात. दोन क्युबिटांच्या प्रश्नाला सरासरी नऊ नोंदींतली एक उपयोगी पडते, मग यंत्रात क्युबिट दहा असोत की हजार. मला तर यातली खरी गंमत पुढेच वाटते: नोंदींची एकच वही कितीतरी प्रश्नांना पुरते. शंभराऐवजी दहा हजार प्रश्न विचारायचे ठरवले, तरी मोजमापं साधारण दुप्पटच लागतात.

पण पन्नासही क्युबिट मिळून हवी तीच अवस्था तयार झाली का, असं विचारलंत, तर हा साधा फासा पुरत नाही. तिथे मोजण्याआधी सगळे क्युबिट आणखी एकदा, वाटेल तसे, एकमेकांत गुंतवावे लागतात. आणि आजच्या यंत्रांत नेमक्या त्या गुंतवण्यातच चुका शिरतात.